शून्यबाई

बरोबर उत्तराला शून्य देणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती पुरे झाली. आम्ही शिक्षकांनी त्यांचं नाव शून्यबाई ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "नाव ठेवताना का होईना, तुम्हाला गणितातलं काही सुचलं!" आज त्यांची स्पर्धा माझ्याच गळ्यात पडली आहे. तरी त्यांच्याबद्दल गोड बोलायला मी बसलेलो नाही.

बाई निवृत्त गणितशिक्षिका. दर जानेवारीत उस्मानपुऱ्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये त्या तिसरी-चौथीच्या मुलांची तोंडी गणिताची स्पर्धा घ्यायच्या. मुलानं उत्तर दिलं की खरा प्रश्न पुढेच असायचा: "कसं काढलंस?" सांगता आलं तर पाच गुण, नाही आलं तर भोपळा, मग उत्तर कितीही बरोबर असो. उलट उत्तर चुकलं, पण कसं काढलं ते नीट सांगितलं, तर दोन गुण. पालक फाटकाबाहेरून बोंबलायचे. बाई ढिम्म. "उत्तर शेजाऱ्याकडूनही मिळतं हो," त्या म्हणायच्या, "रीत उसनी घेतली की लगेच कळते."

सहा वर्षं मी त्यांच्याबरोबर आयोजनात होतो. बरोबर कसला, हाताखालीच. आम्हाला त्यांच्या लेखी नावंच नव्हती, तालुकाच आमचं नाव. "ओ सोयगाव, सतरंज्या झटकल्या का?" एकदा गुणपत्रकांच्या झेरॉक्स काढून आणल्या, तर कागद डोळ्यांजवळ नेऊन म्हणाल्या, "सोयगाव, यात एक आणि नऊ सारखेच दिसतायत. मुलांना गुण द्यायचेत, त्यांची कुंडली नाही मांडायची." पुन्हा दुचाकी काढली, पुन्हा औरंगपुऱ्याच्या गर्दीत शिरलो. परत आलो तोवर चहा संपला होता. ठेवायला सांगावा, एवढंही त्यांना सुचलं नव्हतं.

एक दिवस मात्र त्या मला आवडल्या, हे कबूल करतो. एका शिकवणीवर्गाच्या मालकानं स्वतःच्या फोटोचा भला मोठा फ्लेक्स पाठवला होता. बाईंनी तो हातानं चाचपला, "चांगला जाड आहे," म्हणाल्या आणि उलटा करून मुलांना बसायला अंथरला. मालक सत्काराच्या तयारीनं आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर चाळीस पोरं बसून केळी खात होती.

मग आरतीचं झालं, आणि बाईंचं माझं कायमचं फाटलं.

आरती माझ्या शाळेत चौथीला होती. घर मेंढपाळाचं. बाप दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडायचा, आणि पोरीच्या शाळेसाठी आई मागं राहायची. पण आमची शाळा चौथीपर्यंतच. त्यानंतर पोरगी मेंढरांमागं जाणार, हे ठरलेलं. स्पर्धेतल्या पहिल्या पाचांना शहरातल्या एका वसतिगृहात पाचवीपासून फुकट जागा मिळायची. तेवढाच एक मार्ग होता, आणि आरतीचं गणित असं की मीच कधी कधी चाट पडायचो. सदतीस गुणिले सहा विचारलं, तर माझा खडू फळ्याला लागायच्या आत म्हणाली, "दोनशे बावीस." कसं गं? "सदतीस म्हंजी दोन विसाला तीन कमी. सहा खेपा बारा विसा झाल्या, दोनशे चाळीस. त्यातून अठरा काढलं." मेंढरं विसाविसानं मोजतात, त्यातलीच ही रीत.

आणि मी शहाण्यानं काय केलं? "हे विसा-बिसा मेंढरांपाशी ठेव. शहरात हसतील. तिथं पुस्तकातला हातचाच सांगायचा," असं म्हणून महिनाभर तिच्याकडून हातचा घोकून घेतला.

स्पर्धेत बाईंनी तिला विचारलं, "अडतीस गुणिले सात?"

"दोनशे सहासष्ट."

"कसं काढलंस?"

मी आयोजनातला म्हणून आत, दाराशी उभा होतो. आरतीनं माझ्याकडं पाहिलं आणि घडाघडा म्हणाली, "आठ साती छप्पन, सहा लिहिले, हातचे पाच. तीन साती एकवीस आणि पाच सव्वीस."

"हे म्हणायला जेवढा वेळ लागला, त्याच्या आधीच तुझं उत्तर आलं होतं," बाई म्हणाल्या. आवाज मऊ होता. मुलांपुरता त्यांच्याकडं तोही एक आवाज होता. "घरी काय असतं गं तुझ्या?"

"मेंढरं."

"मग ती कशी मोजता?"

आरतीनं पुन्हा माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. नाही म्हणून. पोरगी खाली बघत गप्प राहिली. बाईंनी एकदा मागं वळून मला पाहिलं आणि तिच्या नावापुढं शून्य लिहिलं. त्या पाच गुणांनी ती सहावी आली.

हॉल रिकामा झाल्यावर मी बाईंवर तुटून पडलो. "एका लेकराचं वाटोळं केलंत तुम्ही! उत्तर बरोबर होतं, रीत बरोबर होती!"

त्या सतरंजीची घडी घालत होत्या. "शून्य तुमचं आहे, सोयगाव," त्या म्हणाल्या. "पण लिहायला जागा तिच्याच नावापुढं आहे. मी काय करू?"

परतीच्या एसटीत आरतीनं विचारलं, "गुरुजी, विसा सांगितल्या असत्या तर चाललं असतं का?"

"नाही," मी म्हणालो.

मी आयोजन सोडलं. त्या उन्हाळ्यात बाईंचे चार-पाच फोन आले. त्यांचा नंबर दिसला की मी फोन पालथा घालायचो. वाजू दे मेला, म्हणायचो.

त्यानंतर दीड वर्षानं बाई गेल्या. शोकसभेत ज्यांनी त्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, तेच गहिवरून बोलत होते. मला वीट आला आणि मी उठलो. दाराशी वसतिगृहाच्या अधीक्षक भेटल्या. "सोयगावचे गुरुजी ना तुम्ही?" त्या म्हणाल्या. "तुमच्या त्या मुलीसाठी बाईंनी आमच्याशी भांडून सहावी जागा मिळवली होती. गुरुजी घेऊन येतील, म्हणायच्या. जूनअखेरपर्यंत खाट रिकामी ठेवली आम्ही. का नाही आणलीत?"

आता मिळेल का, म्हणून विचारलं. आता नाही, म्हणाल्या. मला बाईंचा भयंकर राग आला. फोन उचलत नाही तर दोन ओळी लिहून पाठवायच्या होत्या! नाही, सांगायचं-ऐकायचं ते तोंडीच, हा हेका. आणि त्या रागाखाली माझी मलाच लाज वाटत होती.

चार दिवसांनी आरतीला शोधत गेलो. सोयगावच्या पुढं एका कापणी झालेल्या रानात त्यांची मेंढरं बसली होती. ती काठी घेऊन मोजत होती. उंच झाली होती. मी तिला बाई गेल्याचं सांगितलं, वसतिगृहाचं सांगितलं. मग म्हणालो, "एसटीत मी खोटं बोललो, आरती. विसा सांगितल्या असत्या तर चाललं असतं."

"ठावं हाय, गुरुजी. बाई इचारत व्हत्या तवाच कळलं व्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

तिला माझा प्रश्नच वेडगळ वाटला असावा. "बाई तर एका दिसाच्या," ती म्हणाली. "तुमच्यापाशी रोज बसायचं व्हतं."

माझ्या बोलण्यात तिचा आकडा मोडला होता. ती पहिल्यापासून मोजायला लागली.