मानांकनाचा रकाना

“तुमच्या कॉलेजला मानांकन आहे का?” मुलाखत घेणाऱ्या बाईंनी लॅपटॉपच्या पडद्यावरून विचारलं, आणि माझं डोकंच फिरलं. मानांकन नव्हतं. पण नोकरीची परीक्षा मी दिली होती, कॉलेजने नव्हे!

तेवढ्यात काका ओरडतच घरात शिरले. ते मालवणच्या धक्क्यावरून पर्यटकांना होडीतून किल्ल्यावर नेतात. तिथल्या होड्यांच्या पाळीची यादी मी बनवलेल्या ॲपवर चालते.

“गो, माझी पाळी खंय गेली? सकाळपासून नंबर येवकच नाय!”

बाईंकडे दोन मिनिटं मागितली आणि त्यांच्या देखतच कोड उघडला. सापडलं! डिझेल भरायला गेलेली होडी यादीतून कायमचीच गळत होती. मी दुरुस्ती केली आणि काकांच्या मोबाइलवर त्यांचा नंबर झळकला. मी खुर्चीतून उडालेच!

बाई हसल्या. “बरं, ते मानांकनाचं...”

काका पडद्याकडे वळले. “ता काय असता माका ठावक नाय. पण धक्क्यावरच्यो सगळ्यो होड्यो हिच्या भरवशार चलतत.”

नोकरी लागल्यावर बाईंनीच मला त्या मुलाखतीत भरलेला माझा फॉर्म दाखवला. मानांकनाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: ‘आहे. होडीवाल्यांचं.’