गोडाऊनमधली देवी

कुठल्याही बंद दारावर लाल कपडा बांधलेला दिसला की बाया हात जोडतात. मी आधी वास घेते. लग्न होऊन नायगावला आले तेव्हा सासूबाईंना वाटायचं, ही पोरगी जरा खुळीच दिसते. मग एकदा त्यांना सगळं सांगितलं, तेव्हा त्यांचा तो समज गेला. आता इथं लिहून ठेवते. नाव मात्र कुणाचं घेणार नाही. त्या माणसाची नातवंडं आता शिकलीसवरलेली आहेत, त्यांचा काय गुन्हा?

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. जिकडं तिकडं नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या, ओल्या रंगाचा वास. नळाला मात्र पाणी नाही. पावसानं लागोपाठ दडी मारलेली. मुरुडकडच्या आमच्या गावात विहीर आटली, शेतात मजुरी उरली नाही, आणि आई मला घेऊन लातूरला आली. वडील आधीच गेलेले. मी दहावी नापास होऊन घरी बसले होते. आम्हा मायलेकींना एका डाळमिलीत तुरीची डाळ निवडायचं काम मिळालं.

ते काम मामानं मिळवून दिलं. सख्खा मामा नव्हे. आईच्या माहेरच्या गावचा, आमच्याच समाजाचा, आणि मिलीत मुकादम. आई त्याला भाऊ मानायची, तो तिला अक्का म्हणायचा. रविवारी वस्तीतल्या विहारात वंदना झाली की तो उभा राहून बोलायचा, आणि काय बोलायचा! ‘कुणी सांगितलं म्हणून मानायचं न्हाई. कामून म्हणून इचारायचं.’ आई माझ्याकडं वळून बघायची. बघ, असा असतो माणूस, असं तिच्या डोळ्यांत असायचं. माझा भाऊ, माझा भाऊ, म्हणून तिची जीभ थकायची नाही.

मिलीत आमच्या समाजाच्या आम्ही दोघीच. बाकीच्या बाया आसपासच्या गावांतल्या, शेतकऱ्यांच्या घरच्या, दुष्काळानं बाहेर काढलेल्या. घरी शेत होतं, पण शेतात काही नव्हतं. आम्ही सगळ्या एकाच छपराखाली सुपं घेऊन बसायचो, हसायचो, एकमेकींच्या नवऱ्यांची नक्कल करायचो. पाण्याचा रांजण मात्र एकच बाई हाताळायची. ती ओगराळ्यानं वरून ओतायची, आम्ही दोघी ओंजळ धरायचो. यावर कुणी बोलत नव्हतं. आईसुद्धा नाही, कारण काम पाहिजे होतं.

गोडाऊनमध्ये तुरीला भुंगा लागला. पोती उचलली की खाली भुंग्यांचा थर. एक दिवस शर्टपँटमधला एक माणूस बॅग घेऊन आला, मालकाच्या खोलीत बराच वेळ बसला. मामाही आत होता. मामा बाहेर आला तो तोंड पाडून. दुसऱ्या दिवशी हमालांनी पोत्यांवर ताडपत्र्या टाकल्या, मामानं नाकाला रुमाल बांधला, एकटाच आत जाऊन आला आणि गोडाऊनची दारं लावून घेतली. दारांच्या फटीसुद्धा माती कालवून लिंपल्या. पुढच्या दारावर एका हमालानं लाल कपडा बांधला, नारळ फोडला, कुंकू लावलं.

आम्ही बाया हातातलं सूप खाली ठेवून बघत बसलो. मामा समोर येऊन उभा राहिला.

‘मालकानं माहूरच्या देवीला नवस बोललाय,’ तो म्हणाला. ‘आत देवी बसवलीय. मालाला बरकत यावी म्हणून. दार उघडायचं न्हाई, जवळ फिरकायचं न्हाई. लई कडक सोवळं हाय. मुंगीसुदिक आत जायची न्हाई, म्हणून फटी बुजवल्या.’

बाकीच्या बायांनी बसल्या जागी हात जोडले. आईनं मामाकडं बघितलं. तो दुसरीकडं बघत होता. संध्याकाळी घरी निघताना तिनं त्याला गाठलं. ‘ह्ये काय रं? तू अन् देवी?’

‘अक्का, मालकाचं मन राखावं लागतंय. तूबी राख.’

‘मी न्हाई राखत कुणाचं मन. लहानपणी लई राखलं.’

खरंच राखलं होतं. गावात देवळाच्या पायरीखाली उभं राहून लांबून नारळ फेकायची पाळी तिच्या आईवर आली होती, आणि ही शेजारी उभी असायची. ‘बाहेर थांब’ हे शब्द तिनं इतके ऐकले होते, की पुढं कुणी चांगल्या मनानं जरी म्हणालं तरी ती तडकायची. समाजानं देव सोडले तेव्हा तिच्या घरातल्या मूर्ती तिनं स्वतःच्या हातानं टोपल्यात भरून नदीत सोडल्या होत्या. अशा बाईला मामा सांगत होता की सोवळं आहे, बाहेर थांब! आणि तो तिला लहानपणापासून ओळखत होता. हेच माझ्या गळी कधी उतरलं नाही.

गोडाऊन बंद करताना एक घोटाळा झाला. रांजण आतच राहिला. सावलीला म्हणून तो मागच्या दाराच्या आतल्या अंगाला ठेवलेला असायचा, आणि हमालांच्या तो ध्यानातच आला नाही. एक-दोन दिवस टँकरच्या पाण्यावर निभलं. मग एक दिवस टँकर आलाच नाही. उन्हं डोक्यावर आली, पत्रे तापले, डाळीची धूळ घशात बसली. आमच्यात एक गरोदर बाई होती, अवघडलेली, दिवस भरत आलेले. ती भिंतीला टेकून बसली आणि तिचे डोळे फिरायला लागले.

‘आत रांजण भरलेला हाय की,’ आई म्हणाली.

‘नगं गं अक्का, देवी हाय आत.’

‘देवी पाणी पिऊ देत न्हाई व्हय? कसली देवी ही? सरका बाजूला.’

आई कळशी घेऊन उठली. मी मागोमाग. मागच्या दाराची माती वाळून निम्मी गळून पडली होती. पाणीच नाही तर चिखल तरी कसला धड होणार! आईनं उरलेली माती तळहातानं झाडली, कडी काढली आणि मला म्हणाली, ‘तू हितंच थांब, दार धर.’ ती आत गेली. मला सडक्या लसणासारखा वास आला. मला वाटलं, उंदीर मेला असेल.

आतून कळशी बुडवल्याचा आवाज आला, मग खोकला, मग बराच वेळ नुसता खोकला. मी हाका मारायला लागले तशी ती भेलकांडत बाहेर आली. कळशी निम्मी सांडलेली. तशीच तरातरा जाऊन तिनं ती गरोदर बाईपुढं ठेवली. ‘पी.’

कुणीच प्यालं नाही. ती बाईसुद्धा नाही. तिनं तोंड फिरवलं. देवीच्या भीतीनं फिरवलं, का आईनं स्वतःच्या हातानं कळशी बुडवली म्हणून, ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्या वेळी मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुमच्यासाठी गेली गं ती, तुमच्यासाठी! मी पाणी ओतून दिलं. आई म्हणाली, ‘जाऊ दे,’ आणि खाली बसली. बसली ती आडवीच झाली.

घरी नेईपर्यंत तिला उलट्या सुरू झाल्या. छातीवर कुणी पोतं ठेवलंय म्हणाली. ओठ निळे पडले. शेजाऱ्यांनी मामाला बोलावलं, त्यानं टांगा आणला. एवढं केलं त्यानं, खोटं कशाला बोलू. सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी आईचे डोळे बघितले, नाडी बघितली.

‘काय झालं यांना?’

‘ऊन लागलं साहेब,’ मामा म्हणाला.

डॉक्टरांनी मान हलवली. ‘ऊन नाही हे. कुठं होत्या?’

मी म्हणाले, ‘मिलीच्या गोडाऊनमधी गेली होती.’

‘तिथं काय होतं?’

आणि मी म्हणाले, ‘देवी.’

कप्पाळ माझं! विहारात पुढं बसून वंदना म्हणणारी मी, माझ्या मरायला टेकलेल्या आईच्या उशाशी उभी राहून डॉक्टरांना सांगत होते, देवी होती म्हणून. दुसरं सांगायला माझ्याजवळ होतंच काय? जे सांगितलं होतं तेच सांगितलं. डॉक्टर माझ्याकडं बघतच राहिले. मग त्यांची नजर मामावर गेली. मामाच्या गळ्यात तो रुमाल अजून तसाच लोंबत होता. डॉक्टरांनी त्याला दंडाला धरून व्हरांड्यात नेलं. मी दारापाशी गेले.

‘ही बाई मरेल,’ डॉक्टर म्हणाले. ‘कसली देवी? आत काय ठेवलंय ते सांगा.’

मामा हळू आवाजात म्हणाला, ‘गोळ्या हाईत साहेब. भुंग्याच्या. त्याचा वायू सुटतो.’

डॉक्टर आत पळाले. मला बाजूला ढकलूनच गेले म्हणा. नळी लावली, सलाईन लावलं, सिस्टरला हाका मारल्या. मी व्हरांड्यात मामासमोर उभी राहिले.

‘तुला ठाऊक होतं,’ मी म्हणाले. जन्मात पहिल्यांदा मी त्याला एकेरी बोलले.

तो भिंतीशी बसला. ‘बॅगवाला माणूस सांगून गेला होता. समद्या कामगारायला बोलावून सांगा म्हणाला. दारावर खोपडीची पाटी लावा, दार उघडलं तर जीव जाईल म्हणून सांगा. मालक म्हणाला, विष म्हटल्यावर बाया उद्या हमीच्या कामावर खडी फोडायला जातील, डाळ कोण निवडणार? काईबी सांग पण बायांला लांब ठेव म्हणाला. मी म्हटलं, देवी सांगितली तर कुणी जवळ फिरकणार न्हाई. कुणालाच काई व्हायचं न्हाई.’

‘आन् आम्ही?’

‘मला वाटलं, तुमी कशाला जाताल?’

‘आम्हीच जाणार होतो, मामा. तूच शिकवलंस की. कामून म्हणून इचारायचं. ज्यांनी हात जोडले त्या वाचल्या.’

त्यानं तोंड झाकून घेतलं. रडला असेल. मला त्याचं काही वाटलं नाही. आई आत श्वासासाठी झगडत होती, आणि हा माणूस तिच्या उशाशी उभा राहून ऊन लागलं म्हणाला होता. मी नेमका तेवढा एकच शब्द बोलले म्हणून डॉक्टरांनी याला धरलं, नाहीतर यानं तिला मरू दिलं असतं का? मी हे त्याला कधी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटली.

आई वाचली. पण तिचा दम गेला तो गेलाच. पाण्याची घागर सोडा, चार पावलं चालली तरी धाप लागायची. तरी अंगात थोडी ताकद आल्याबरोबर ती म्हणाली, ‘मला मिलीत ने. बायांला सांगायला पाहिजे. त्यांची लेकरंबाळं हाईत.’ मी म्हणाले, ‘मरू दे त्यांना, तुझं पाणी प्यायल्या का त्या?’ तर म्हणाली, ‘तू जास्ती बोलू नको.’

आम्ही गेलो. आणि काय बघतो! गोडाऊनच्या दाराशी नारळांच्या शेंड्यांचा ढीग, उदबत्त्या, हळदीकुंकू, हिरव्या बांगड्या. बायांनी आईला बघितलं तशा उठून उभ्या राहिल्या. ती गरोदर बाई आता बाळंत होऊन, लेकरू पाठीशी बांधून कामाला आली होती. तीच पुढं आली. ‘अक्का, तुझ्यामुळं कळलं बघ, किती कडक देवी हाय ते. तू हात जोड, माफी माग. धाप जाईल तुझी.’

आईच्या तोंडावरचा रंग उतरला. विषानं उतरला नव्हता एवढा. जिनं स्वतःच्या हातानं देव नदीत सोडले, तिच्या फुफ्फुसांचाच या लोकांनी देवीचा पुरावा करून ठेवला होता.

‘आत देवी न्हाई गं,’ ती धापा टाकत म्हणाली. ‘इष हाय. गोळ्या हाईत. वास आला तरी लांब पळा. लेकराला हितं आणू नका.’

‘असं बोलू नगं,’ बायांनी कानांवर हात ठेवले. ‘पुन्यांदा कोपंल.’

तेवढ्यात मामा गोडाऊनच्या बाजूनं आला. त्या दिवशी पुन्हा गोळ्या टाकल्या होत्या. नाकाला रुमाल, हाताला माती. आई त्याच्याकडं वळली. ‘तू सांग. हितं समद्यांम्होरं सांग. इहारात बोलतूस तसं बोल.’

सगळ्या बाया त्याच्याकडं बघायला लागल्या. मालक खोलीच्या दारात येऊन उभा राहिला होता. मामानं मालकाकडं बघितलं, मग आईकडं. मला अजून वाटतं, त्या वेळी त्याचे ओठ रुमालाखाली हलले. मग त्यानं पायातल्या चपला काढल्या, लाल कपड्यासमोर गेला आणि हात जोडले.

मी ओरडणार होते. आईनं माझा हात दाबला. ती हळूहळू चालत त्याच्यापाशी गेली, मधे दोनदा थांबली.

‘हात कुणालाबी जोड, बाबा,’ ती म्हणाली. भाऊ नाही म्हणाली. ‘तेवढं ह्या बायांला सांग, देवीच्या पुढ्यात नाकाला रुमाल कशाला बांधतूस?’

मामाचा हात रुमालाकडं गेला. आम्ही सगळ्या वाट बघत होतो, आता काढील, मग काढील. त्यानं तो काढला नाही. उलट गाठ घट्ट केली.

पाठीशी लेकरू बांधलेली ती बाई त्या गाठीकडं बघत राहिली. मग तिनं पाठीवरचं लेकरू पुढं घेतलं, त्याच्या तोंडावर पदर टाकला आणि कुणाला काही न विचारता फाटकाबाहेर चालू लागली. आई तिच्या मागोमाग निघाली. धाप लागत होती, तरी फाटकापर्यंत कुठं थांबली नाही.