सुभेदारांचा चेंडू

"बाई, पाय टेकला तेव्हा हात कुठे होता?"

हा प्रश्न मला नागावात सात-आठ वर्षे रोज सकाळी विचारला गेला. मी तिथल्या दवाखान्यात नर्स होते. विचारणारे शेजारच्या सुपारीच्या वाडीत एकटेच राहत. लढाईत ते ट्रक चालवायला होते. गावाने परस्पर त्यांना सुभेदार करून टाकले होते.

आसामात त्यांच्या तळाला लागून अमेरिकनांची छावणी होती. तिथे ते बेसबॉलमधले चेंडू फेकणे शिकले. एक गोरा हवालदार समोर उकिडवा बसून त्यांचा चेंडू झेलायचा आणि दर फेकीला चूक सांगायचा. लढाई संपली. तो त्याच्या देशाला गेला, सुभेदार त्याने दिलेला चेंडू आणि कातडी हातमोजा घेऊन नागावला आले. बायको ते तिकडे असतानाच तापाने गेली होती.

दोन पोफळींच्या मध्ये त्यांनी काथ्याने भरलेले पोते टांगले आणि त्यावर चेंडू फेकू लागले. चेंडूची शिवण उसवली की जाळ्याच्या दोऱ्याने शिवत. हातमोज्याला खोबरेल चोळत. तो घालून समोर उभे राहणारे मात्र कोणी नव्हते. तुम्हीच सांगा, नागावात बेसबॉल कोण खेळणार?

चेंडू बहुतेक वेळा पोत्यावरून माझ्या परसात यायचा. एकदा धुतलेल्या चादरींवर पडला, तेव्हा मी कुंपणापाशी जाऊन म्हणाले, "अहो, पाय टेकतो तेव्हा तुमचा हात अजून कमरेशीच असतो. मग घाईघाईने वर येतो. चेंडू उंच जाईल नाही तर काय!"

ते बघतच राहिले. "तो गोरा हवालदारही हेच सांगायचा."

"कोणीही सांगितले असते."

"कोणी बघत नव्हते, बाई."

तेव्हापासून माझी सकाळची दहा मिनिटे त्यांची झाली. हवालदाराने शिकवलेलेच सराव होते: आधी एक गुडघा जमिनीला टेकवून फेकायचे, म्हणजे पायांची लुडबुड नाही, नुसता हात सुधारतो. मग चेंडू बाजूला ठेवून पंच्याला गाठ मारायची आणि पाऊल टाकत ती समोरच्या खुर्चीच्या पाठीवर हाणायची. हात वेळेवर आला तर फट्कन वाजते. मी कुंपणाअलीकडून सांगत राहायची. उशीर. उशीर. बरोबर. उशीर.

मासळीची पाटी घेऊन जाणारी कोळीण हमखास थांबायची. "ओ सुभेदार, पंच्यानं माशी मेली का न्हाय?"

"आज दोन मेल्या गो!"

पुढे पुढे 'बरोबर' वाढले. पोते आता दणकून मागे जायचे. एके दिवशी ते हातमोजा घेऊन कुंपणापाशी आले. "बाई, एकदा समोर उभ्या राहाल? पोते काही बोलत नाही हो."

"चार गावांच्या बाळंतिणी या बोटांवर आहेत," मी म्हणाले. "बोट मोडले तर बाळंतपणाला तुम्ही जाणार का?"

ते हसले. पुन्हा कधी त्यांनी विचारले नाही. मी खोटे बोलले नव्हते. पण हातमोजा चांगला जाड होता, हेही मला दिसत होते.

काही वर्षांनी उरणला त्यांची बहीण विधवा झाली. घर सांभाळायला दुसरे कोणी नव्हते, म्हणून ते निघाले. त्या सकाळी वळकटी, पेटी अंगणात बांधून तयार होती. बैलगाडी यायची होती.

"हातमोजा काढा," मी म्हणाले.

"आता कशाला?"

"गाडी येईपर्यंत काय करणार आहात?"

त्यांनी पेटी सोडली. हातमोजा स्वतः माझ्या हातावर चढवला, पट्टा दोनदा ओढून पाहिला. मग पावले मोजत मागे गेले. पाय उचलला, टेकला. हात नेमका जिथे हवा तिथे होता. आणि अगदी शेवटी त्यांनी मनगट सैल सोडले. लहान मुलाला टाकावा तसा चेंडू अलगद आला.

"हा कसला? जोरात टाका!"

"नको, बाई," ते म्हणाले. "झेललात ना? झाले."

मी आणखी एकदा म्हणाले असते, पण गाडी आली.

ती वळल्यावर मी दवाखान्यात गेले. रांग मोठी होती. दुपारपर्यंत मी दोनदा तळहात पाहिला. लालसुद्धा झाला नव्हता.