कासवांचा रूट

अमरावतीच्या जलतरण तलावावर रोज भेटणाऱ्या निवृत्त नर्सबाईंना आम्ही सगळे सिस्टरच म्हणतो. पाण्यातून डोकं वर आलं की त्यांचं बोलणं सुरू! मालदीवला आठवडाभर बोटीवरच राहून, पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरायचं त्यांनी आणि मी ठरवलं, तेव्हा त्या काठावरच नाचल्या. रूट दोन होते. एकावर जोरदार प्रवाह आणि शार्क, दुसऱ्यावर शांत पाणी आणि कासवं.

"मले शार्कच पाह्याचा हाय!"

मी हसले, पण माझा चेहरा उतरला असावा. त्यांनी लगेच बोटीचं बुकिंग करणाऱ्या एजंटला फोन लावला.

"भाऊ, कासवांचाच रूट पक्का करा. मले प्रवाहाचं लय भेव लागते."

न थांबता चाळीस फेऱ्या मारणारी ही बाई! मी त्यांना अशी मिठी मारली, की आम्ही दोघी फोनसकट पाण्यात पडलो.