ढोबळे मास्तर आणि टेलिफोनचे शेअर

शेअरमध्ये आमच्या अड्ड्याने काय कमावलं, असं कोणी विचारलं की मी सरळ किस्से सांगायला बसतो. दुसरं दाखवण्यासारखं काही नाहीच! त्या टेलिफोनच्या कंपनीने लाभांश म्हणून एक रुपया कधी दिला नाही, किस्से मात्र दर शनिवारी न चुकता दिले. आज सांगताना हसू येतं. तेव्हा नुसतं डोकं उठायचं.

अड्डा म्हणजे गांधीबागेच्या बाजारातलं बाबूराव निखाड्यांचं कापडाचं दुकान. मी बँकेत कारकून. शनिवारी हाफ डे, त्यामुळे दोनला सुटलो की माझी सायकल थेट दुकानाशी. गादीवर बाबूराव, बाजूला काटोलकडचे संत्र्याचे बागवाले पुंडलिकराव आणि समोर ग्राफपेपर पसरून आमचे गुरू ढोबळे मास्तर. महाल भागातल्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून रिटायर झालेले. शाळा सुटली, शिकवणं काही सुटलं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. फोनसाठी नंबर लावला की माणसाचे केस पांढरे व्हायचे, पण फोन यायचा नाही. अशात फोनची यंत्रं बनवायला खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि 'ध्वनिदूत' नावाची एक नवी कंपनी दहा रुपयांचा शेअर घेऊन आली. आम्ही चौघांनीही अर्ज भरले. चौघांत फोन एकट्या बाबूरावांकडे, तोही दुकानात!

* * *

मास्तरांनी तो अर्ज कसा भरला, ते ऐका.

त्यांची एकुलती एक मुलगी विजू लग्न होऊन जबलपूरला गेली होती. सुशीलावहिनींना तिचा आवाज ऐकायचा तर तार ऑफिसात जाऊन ट्रंककॉल लावायचा, दोन-दोन तास बाकावर बसायचं आणि तीन मिनिटं बोलायचं. त्यातलं एक मिनिट रडण्यात जायचं. जास्त डिपॉझिट भरलं की फोन लवकर मिळतो, अशी एक योजना होती. वहिनींनी चार वर्षं लोकांचे ब्लाउज शिवून ते पैसे जमवले. मास्तर ते पैसे घेऊन डिपॉझिट भरायला घरून निघाले आणि ध्वनिदूतचा अर्ज भरून परत आले!

वर वहिनींना समजावलं, "हे पाह्य, फोन घेतला त बिल येते. फोनच्या कंपनीचा शेअर घेतला त पैसा येते. त्या पैशात फोन घेऊ. फुकटात!"

वहिनी म्हणाल्या, "मंग तोवर विजूसंग काय शेअरवरून बोलू?"

* * *

अर्ज जास्त आले की शेअर सोडतीने लागायचे. म्हणून घरातल्या दिसेल त्या माणसाच्या नावाने अर्ज टाकायची आपल्याकडे पद्धतच होती. बाबूरावांनी बायको, आई, सासू, सगळ्यांच्या नावाने अर्ज भरले आणि सगळ्या सह्या एका बैठकीत स्वतःच ठोकल्या. मास्तरांनीही अर्ज वहिनींच्या नावाने भरला, कारण काय तर "हिचं नशीब बलवान आहे." पण सहीच्या बाबतीत माणूस कडक! वहिनींना पाटावर बसवून त्यांच्याच हाताने सही करवून घेतली. शेअर लागल्यावर कागदही त्यांच्याच कपाटात, साड्यांच्या खाली ठेवले आणि फर्मान काढलं, "आता याले हात लावाचा नाही."

पुढे बाबूरावांनी सासूबाईंचे शेअर विकायला काढले. कागद परत आले. सही जुळत नाही! बाबूरावांनी पुन्हा सही केली, पुन्हा परत. स्वतःचीच खोटी सही त्यांना स्वतःला जमेना. शेवटी वैतागून ते सासूबाईंना घेऊन आले आणि दुकानात बसवून त्यांची खरी सही घेतली.

पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. या खेपेची सही मूळ सहीपासून फारच वेगळी आहे, तरी खऱ्या भागधारकाचीच सही पाठवावी!

मास्तर मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हणून सांगतो, सही ज्याची त्यानंच कराची. आमच्या घरची सही कधीबी न्या, जुळते म्हणजे जुळते!"

* * *

शेअर बाजारात आला आणि महिनाभरात दहाचा साडेसातवर आला. आम्ही तिघं घाबरलो. मास्तर खूश!

"भाव आणि किंमत यात फरक असते," ते म्हणाले. "भाव साडेसात आहे. किंमत वीसच्या खाली नाही. शेअर स्वस्त आहे!"

"पण वीस कशावरून?" मी विचारलं.

पुढच्या शनिवारी मास्तर उत्तर घेऊनच आले. आठवडाभर उन्हातान्हात महालातल्या गल्लीगल्लीतून फिरून त्यांनी फोन नसलेली घरं मोजली होती! फोन नाही तो प्रत्येक जण कंपनीचं उद्याचं गिऱ्हाईक, असा हिशेब. ग्राफपेपरवर रेघ नुसती आकाशाला भिडली होती.

पुंडलिकरावांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "मास्तर, यात तुमचं घर धरलं का?"

"नाही," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "आपण भागधारक आहो. गिऱ्हाईक नाही."

* * *

मास्तरांच्या व्याख्यानात दुकानात आलेल्या माणसाला सुट्टी नव्हती. एकदा एक बाई पोरीच्या फ्रॉकसाठी छान फुलाफुलांचं कापड निवडून घासाघीस करत होत्या. मास्तर ग्राफमधून डोकं वर काढून म्हणाले, "बाई, कोणतीबी वस्तू भाव पडल्यावर घ्यावी. हे पहिलं सूत्र!"

बाईंनी कापड खाली ठेवलं. "बरं झालं सांगतलं. मंग भाव पडल्यावरच येतो!"

बाबूरावांनी त्या दिवशी मास्तरांना चहा दिला नाही.

* * *

पुंडलिकरावांचा विश्वास ग्राफवर नव्हता. संत्रं कसं, हातात घेऊन वजन पाहिल्याशिवाय ते सौदा करत नसत. त्यांनी एका नातेवाइकाकडून ध्वनिदूतचं बटणांचं नवं यंत्र मिळवलं आणि शनिवारी पिशवीतून काढलं. गुलाबी रंग! बाबूरावांचा काळा, वजनदार सरकारी फोन काढून ते यंत्र जोडलं. पुंडलिकरावांनी रिसीव्हर कानाला लावला.

"काय ऐकू येते?" बाबूरावांनी विचारलं.

"माहाच श्वास ऐकू येऊन राहिला!"

बाबूरावांनी बटणं दाबली. तिसरं बटण आत गेलं ते वर आलंच नाही. चिमट्याने काढलं तर हातातच आलं. आपला पैसा या गुलाबी डबड्यात आहे, हे पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसलं होतं. मी म्हणालो, "मास्तर, विकून मोकळे होऊ या."

"काहून?" मास्तरांचा चेहरा उजळलेला. "तुमच्या ध्यानात नाही येऊन राहिलं! असा लवकर बिघडला म्हणजे माणसाले दुसरा घ्यावा लागन. विक्री डबल! शेअर अजूनच स्वस्त आहे!"



* * *

आणि खरं सांगतो, मास्तरांची वाणी फळली. काय वारं फिरलं देव जाणे, वर्षभरात भाव बावीस झाला! आम्ही पेढे वाटले. आता तरी विकायचे का, विचारलं. पण मास्तरांनी नवा ग्राफ काढला होता. "किंमत चाळीस आहे. बावीसले स्वस्तच!"

त्याच शनिवारी सुशीलावहिनी दुकानात आल्या. विजूला सातवा महिना होता. तिने पत्रात कळवलं होतं की शनिवारी तीनला दुकानाच्या फोनवर ट्रंककॉल करते. वहिनी अडीचपासून फोनजवळ हात जोडून बसल्या होत्या. सव्वातीनला घंटी वाजली.

"विजू? कशी आहे वं? हॅलो? पाय सुजले का?"

इकडे आमचं रण पेटलेलं. पुंडलिकराव म्हणत होते पंचवीसला विका, बाबूराव म्हणत होते आजच विका आणि मास्तर दोघांच्या वरच्या पट्टीत, "येत्या पाच वर्षांत घरोघरी फोन वाजन! प्रत्येक माय आपल्या लेकीसंग घरी बसून बोलन!"

वहिनींनी एक कान बोटाने दाबला होता. "जरा हळू बोला ना! पोरगी काय म्हणते, मले ऐकू येऊन नाही राहिलं!"

आम्ही गप्प झालो, तेव्हा तीन मिनिटं संपली होती. वहिनी रिसीव्हर हातात धरून तशाच बसून राहिल्या. मला स्वतःची शरम वाटली. काही बोलावं म्हणून त्यांच्याजवळ गेलो, तर त्यांनी डोळे पुसून मलाच विचारलं, "भाऊजी, त्या कागदाचा आज काय भाव आहे?"

"बावीस, वहिनी."

मास्तरांनी हे ऐकलं आणि विजयाने आमच्याकडे पाहिलं. "पाह्यलं? आता हिलेबी गोडी लागली!"

* * *

त्यानंतर भाव जो उतरायला लागला, तो थांबेचना. अठरा झाला, बारा झाला, नऊ झाला. प्रत्येक पायरीवर मास्तरांचं म्हणणं एकच, आता तर अगदीच स्वस्त आहे! त्यांच्या तोंडाकडे पाहून आम्हीही चिकटून राहिलो, ही आमची अक्कल.

त्या वर्षी कंपनीचा अहवाल आम्हा सगळ्यांच्या घरी आला, मास्तरांकडे आला नाही. त्यांनी आधी पोस्टमनला झापलं. मग कंपनीला इंग्रजीत दीड पानी पत्र लिहिलं. उत्तर आलं, 'एन. जी. ढोबळे या नावाचे कोणीही आमचे भागधारक नाहीत.'

मास्तर ते पत्र नाचवत दुकानात आले. "काय कारभार आहे! भागधारक ओळखत नाही!"

बाबूरावांनी पत्र वाचलं आणि कपाळावर हात मारला. "अहो मास्तर, शेअर वहिनीच्या नावावर, पत्र तुमच्या नावानं! कंपनी तुमाले काहून ओळखन?"

मास्तर म्हणाले, "म्हणजे कंपनीचं रजिस्टर एकदम चोख आहे. ही चांगली खूण आहे."

* * *

भाव सहावर आला, त्या शनिवारी पुंडलिकराव रडकुंडीला आले होते. "मास्तर, आज ग्राफ नको. मले एका शब्दात सांगा, ठेवू का विकू?"

"एका शब्दात गणित सुटत नसते," म्हणत मास्तरांनी कागद पसरला. "आता पाहा, किंमत जर तीस धरली..."

तेवढ्यात फोन वाजला. मी जवळ होतो, उचलला.

"हॅलो, भाऊजी का? मी सुशीला ढोबळे. घरून बोलून राहिली."

"घरून? कोणाच्या घरून, वहिनी?"

"आमच्याच! आत्ताच फोनवाले लावून गेले. शनिवारी हे घरी नसतात ना, म्हणून मीच त्याइले आज बोलावलं." आवाज इतका मोठा की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. "जबलपूरचा ट्रंक बुक केला आहे, घंट्याभरात लागन म्हणते. नातू आता आबा म्हणाले लागला. ऐकाचं असन त याइले घरी धाडून द्या!"

"पण वहिनी, डिपॉझिटचे पैसे?"

"तुम्हीच त भाव सांगतला होता, बावीस! तवाच्या सोमवारीच माह्या भावाच्या हातानं कागद विकाले देले. सही माहीच होती, लगेच जुळली. त्याच पैशात डिपॉझिट भरलं. द्या आता त्याइले."

मी रिसीव्हर मास्तरांच्या हातात दिला.

"मले? मले कोण फोन करन?" मास्तरांनी तो कानाला लावला. आम्हाला त्यांचे तीनच शब्द ऐकू आले. "हं." मग, "केव्हा?" आणि शेवटी, "बरं."

त्यांनी रिसीव्हर हळूच ठेवला. ग्राफपेपरची चौघडी करून खिशात घातली, चपला पायात सरकवल्या आणि दुकानाची पायरी उतरले.

पुंडलिकरावांना काय झालं ते काहीच कळलं नव्हतं. ते गादीवरून अर्धे उठून ओरडले, "अहो मास्तर, माह्यं राहिलं ना! शेअर स्वस्त आहे ना?"

मास्तर रस्त्यातच थांबले. वळून आमच्याकडे पाहिलं.

"महाग आहे गा," ते म्हणाले. "लय महाग आहे." आणि महालाच्या दिशेने झपाझप निघून गेले.