सासूबाईंच्या परसात उसाचं औषध

जे औषध उसाला बाधत नाही, ते जगातल्या कुठल्याच सज्जन झाडाला बाधणार नाही, असा माझा ठाम समज होता. आमच्याकडं सज्जन म्हणजे ऊस. बाकी सगळं तण. या समजापायी श्रावणातल्या एका रविवारी मी पाठीला पंप लावला आणि सासूबाईंची पंचवीस वर्षांची बाग तासाभरात मारून टाकली.

मारायला गेलो नव्हतो हो. वाचवायलाच गेलो होतो.

सासूबाई शिराळ्याजवळच्या एका गावात एकट्या राहतात. गेल्या थंडीत परसातल्या नळापाशी शेवाळावरून घसरल्या, मांडीचं हाड मोडलं, आणि आमच्याकडं सांगलीला आल्या. त्यांची पाठ फिरली तशी परसातल्या तणाला मोकळं रान मिळालं. पावसाळा लागेपर्यंत गाजरगवत खिडकीला टेकलं आणि घाणेरीनं न्हाणीघराचं दार अडवलं. आत कुठंतरी गुलाब, जास्वंद, मोगरा आणि सासूबाईंचा लाडका अनंत होता म्हणे.

माझा मेहुणा फौजेत, जम्मूकडं. त्यानं तिकडूनच निकाल दिला.

"दाजी, दसऱ्याला सुट्टीवर येतोय. परसात सगळीकडं पेव्हिंग ब्लॉक टाकून घेतो. झाडं न्हाईत, शेवाळ न्हाई, आई पडायची भानगड न्हाई. विषय क्लोज!"

फोन स्पीकरवर होता. सासूबाईंनी ऐकलं, ताटातली भाकरी तशीच सारली आणि म्हणाल्या, "मग मी हितंच ऱ्हाते. तिथं जाऊन काय फरशी बघत बसू?"

आमचं घर दोन खोल्यांचं. टीव्हीचा रिमोट तेव्हाच माझ्या हातून गेलेला होता. सासूबाई कायमच्या राहणार म्हटल्यावर मला एकाएकी बागेविषयी फार प्रेम वाटू लागलं. बायकोचं मात्र खरं होतं. आई आमच्याकडं दिवसभर गॅलरीत बसून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी बघते, हे तिला बघवत नव्हतं. ती म्हणाली, "दसऱ्याच्या आत बाग नीट करायची. झाडं दिसली तर तो ब्लॉक टाकायला धजणार न्हाई."

पहिल्या रविवारी आम्ही विळे घेऊन गेलो. बायको सरसर कापत निघाली. माझ्या हाताला अर्ध्या तासात फोड आला. आमचा ऊस चुलतभाऊ बघतो; मी बांधावर उभा राहून सल्ला देतो आणि फोड येईल असं काही करत नाही. दुसऱ्या रविवारी जाताना मी त्याच्याकडून तणाचं औषध आणि पंप मागून घेतला. कशाला, ते त्यानं विचारलं नाही. मी पंपाला हात लावतोय याचाच त्याला इतका आनंद झाला होता. बायको शेजारी चहाला गेली, तेवढ्यात मी सगळं परस न्हाऊ घातलं. म्हटलं, तण जाईल, झाडं राहतील. उसात असंच होतं.

पुढच्या रविवारी दार उघडलं, तर गुलाबाची पानं द्रोणासारखी वळलेली, जास्वंदीचे शेंडे मान टाकून बसलेले, अनंत पिवळाफटक. गाजरगवतही मेलं होतं, हे मी बायकोला आवर्जून दाखवलं. तिनं ते बघितलं नाही. हराळी तेवढी तरारून पसरली होती. इतकी हिरवीगार, की पाच-पंचवीस गावांच्या गणपतींना दूर्वा पुरल्या असत्या.

मी चुलतभावाला फोन लावला.

"गड्या, ऊस म्हंजी गवातच की रं! त्ये औषाद गवात सोडून बाकी समदं मारतंय. बैलाला बी ठावं हाय."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"बैलाला कुठं सांगतो आमी?"

बायको पायरीवर बसली होती. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "आईला काय सांगायचं?"

तेवढ्यात शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. "अगं बया! कुणी केलं गं ह्ये?" बायकोनं हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं. काकू पदर तोंडाला लावून हसल्या. बऱ्याच वेळानं थांबल्या आणि म्हणाल्या, "तुज्या आईनं गल्लीतनं फांद्या चोरून बाग केली, आन् आमी तिच्यातनं चोरून आमची केली. तिचा अनंत माज्या दारात हाय. चोरून न्या की!"

चोरून, हे महत्त्वाचं. मागून आणलेली फांदी लागत नाही, चोरून आणलेलीच जगते, हा त्या गल्लीचा कायदा. बायको चोरू शकत नव्हती. माहेरवाशिणीला कोण चोरू देणार? तिच्या ओटीतच घातली असती फांदी, आणि मग ती मेलीच. म्हणजे चोर जावईच.

अशा रीतीनं पन्नाशीतला, चष्मा लावलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला मी सासुरवाडीत भरदिवसा कात्री घेऊन हिंडू लागलो. पहिल्याच घरी एक म्हातारी अंगणात तांदूळ निवडत बसलेली.

"या पावणं. च्या टाकू?"

"नको, मी चोरायला आलोय."

"आवं, मग सांगत्यात व्हय तसं? मी हिकडं तोंड करती, तुमी चोरा."

मी मोगऱ्याची फांदी धरली. पाठमोऱ्या म्हातारीला काय डोळे होते कुणास ठाऊक.

"ती न्हवं, वाळल्याली हाय. खालची धरा. आन् फांदीचा डोळा बगून कापा की, कवाच चोरी केली न्हाई व्हय?"

पुढच्या घरी माजी सुभेदार होते. त्यांच्या डोळ्यांदेखत चोरी होणं शक्यच नव्हतं. तेव्हा त्यांनी मला फाटकात उभं करून कडक आवाजात झापलं, स्वतःच जास्वंदीची फांदी कापून भिंतीपलीकडं फेकली आणि म्हणाले, "आता निघा. कुणीतरी टाकलीय ती."

औषध पडलेल्या मातीत इतक्यात काही लावू नका, असं काकूंनी बजावलं. म्हणून फांद्या गोडेतेलाच्या डब्यांत लावल्या. दर रविवारी आम्ही जायचो. मधल्या दिवसांत काकू पाणी घालायच्या. मला बायकोनं हराळी खणायला बसवलं. "एवढी जगवलीसा, आता काढा," म्हणाली. हराळीच्या मुळ्या किती खोल जातात ते मला आता गुडघ्यांपासून ठाऊक आहे. पाच रविवार खणत होतो.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मेहुणा आला. आम्ही सासूबाईंना घेऊन पोचलो, तर दारात ब्लॉकचा टेम्पो उभा. सासूबाई काठी टेकत परसात आल्या. जिथं बाग होती तिथं उघडी माती आणि भिंतीकडेला तेलाचे डबे. प्रत्येक डब्यात एक काडी, काडीला दोन-चार पानं. मलाही त्या क्षणी ब्लॉक बरे वाटले.

त्या एकेका डब्यापाशी थांबल्या. वाकून पान चुरगळलं, वास घेतला. "ह्यो अनंत माझाच." मग मातीकडं बघून म्हणाल्या, "बाकीची झाडं कुठं गेली?"

बायको काहीतरी रचून सांगणार होती. तिच्याआधी माझंच तोंड उघडलं. "मी मारली. उसातलं औषध मारलं."

मेहुणा म्हणाला, "बघ आई, आता तर काय उरलंच न्हाई. ब्लॉक टाकू?"

सासूबाईंनी काठीनं माती उकरून बघितली. मग लेकाला म्हणाल्या, "दारापासनं नळापतुर टाक, मला चालाय. उरल्यालं म्होरं तू गाडी लावतोस तिथं टाक. ह्यी झाडं जिमिनीत लावायची हायत."

"आई, परत पडशील."

"पडले तर झाडात पडीन. मी आता हितंच ऱ्हाणार हाय, उगं वाद घालू नगंस. आन् जावईबापूंच्या हातात पंप कुणी देऊ नगासा."

संध्याकाळी सांगलीला परतताना आष्टा मागं पडलं, तोवर माझ्या अंगात पुन्हा वारं भरलं होतं. म्हणालो, "काही म्हण, शेवटी बाग वाचवलीच की आपण."

बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पुढच्या खेपेला तुमाला काय वाचवावंसं वाटलं, तर आदी मला सांगा. मी ते तुमच्यापासनं लपवून ठेवते."