लेकरं मागं

इंदापूर-भवानीनगर मार्गावर माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपचा तो ड्रायव्हर. तान्हं मूल घेतलेल्या बाईला तो पुढच्या सीटवर कधीच बसू देत नसे. मला तो हेकट वाटायचा.

एकदा एक बाई तान्हं बाळ घेऊन पुढं बसली, तेव्हा त्यानं मलाच मागून उठवलं. "गुरुजी, तुमी पुढं या. ताईंना मागं बसू द्या."

"मांडीवरच हाय की पोरगं," ती कुरकुरली.

"ब्रेक दाबला की हातातनं सुटतंय, ताई," तो हळूच म्हणाला.

कालव्याजवळ उसाची बैलगाडी अचानक आडवी आली. त्यानं करकचून ब्रेक दाबला आणि माझं कपाळ काचेवर आदळलं. मागं बाळ सुखरूप होतं. त्यानं टॉवेलनं माझी जखम बांधली, पण गाडीची किल्ली काही त्याला फिरवता येईना. "माझं लेकरू असंच पुढच्या सीटवरनं गेलं," तो पुटपुटला. तेव्हा त्या बाईनं बाळ त्याच्याकडं दिलं. त्यानं ते छातीशी धरलं आणि हळूहळू त्याचे हात शांत झाले.